सिको साडेचार

वडिलांच्या ट्रंकेत, गिरणीच्या जुन्या पगारचिठ्ठ्यांखाली, एक घड्याळ सापडलं. निळी तबकडी, ओरखडलेली काच, चेन गायब. उचलून कानाला लावलं तर टिकटिक सुरू! वडील जाऊन बारा वर्षं झाली, आणि घड्याळ त्याच्याही आधीपासून ट्रंकेत. मी दचकून ते गादीवर टाकलं. पाच मिनिटांत पुन्हा गप्प.

"किल्ली द्यायची राहिली असेल," बायको म्हणाली. दिली. सोलापुरात पाणी नसलेल्या दिवशी नळ फिरवावा तशी ती नुसतीच गोल फिरली. आणि ती होती तरी कुठे, तर तीनच्या आकड्याजवळ नाही, चारच्या जवळ, अर्धी आत घुसलेली.

मंगळवार पेठेत एका जिन्याखाली बसणाऱ्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मालक, किल्ली पिळू नका. ह्याला किल्ली द्यायची सोयच नाही. आत अर्धचंद्रासारखं वजन हाय, हात हालला की ते फिरतंय, स्प्रिंग भरतीय. हालवलं की चालतंय." रोज किल्ली द्यायची नाही, म्हणून ती चारपाशी कोपऱ्यात सारून ठेवलेली.

तबकडीवर 'सिको' हे जपानी कंपनीचं नाव आणि खाली ५. या ५ वर आमच्या गल्लीत परिसंवाद झाला. शेजारच्यांच्या मते पाच वर्षांची गॅरंटी. मित्र म्हणाला, "पाचवा नंबर असतो बे, एक नंबर जपानी स्वतःकडं ठेवतेत." खरं म्हणजे 'सिको ५' हे नाव १९६३ पासूनचं, आणि पाच म्हणजे पाच गुण: ऑटोमॅटिक, वार-तारीख एकाच खिडकीत, पाण्याला दाद न देणारं, चारपाशी किल्ली, आणि मजबूत केस व चेन. पाचव्या गुणातली केस होती, चेन नव्हती. म्हणजे माझ्याकडे होतं ते सिको साडेचार.

घड्याळ कोणत्या सालचं, हे पाठीवर लिहिलेलं असतं, असं घड्याळजी म्हणाले. तिथे ७००९ हा मशीनचा नंबर, आडव्या रेघेपुढे केसचा. वेगळे सहा आकडे अनुक्रमांकाचे, त्यातला पहिला वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. आमचे पहिले दोन होते ८ आणि ३. आठ साल, मार्च. पण कोणत्या दशकातलं आठ, ते आकडा सांगत नाही. हे मशीन सत्तरीतही निघत होतं आणि ऐंशीतही. म्हणजे १९७८ किंवा १९८८.

हे घरी जाऊन मोठ्याने सांगायला नको होतं.

आईचं लग्न मे १९७८ मधलं. "बघ!" ती ताडकन म्हणाली. "माझ्या बाबांनी घातलेलं! माझे मामा मुंबईला गोदीत होते, त्यांनी आणलं." मार्चमध्ये जपानात तयार झालेलं घड्याळ मेमध्ये सोलापूरच्या मांडवात कसं पोचलं, हे गोदीतल्या मामांना ठाऊक, त्या काळी बाहेरची घड्याळं कशी यायची ते कुणी विचारत नसे. मी अक्कलकोटला काकांना फोन लावला. ते कडाडले, "अठ्ठ्याऐंशीचं हाय! दादानं बोनसात घेतलं, मी सोबत होतो. तुझ्या आजोबानं काय दिलं, ते आम्हाला माहीत हाय!" हे वाक्य आईलाही ऐकू गेलं. मग दोन दिवस आमच्याकडे भाजीत मीठ नव्हतं.

तोवर मी चेन शोधत होतो. कान, म्हणजे पट्टा अडकतो त्या दोन शिंगांमधलं अंतर, मोजलं तर १९ मिलिमीटर. नवी पेठ पालथी घातली. १८ ची चेन बसते, पण घड्याळ आत पाळण्यातल्या पोरासारखं झोके घेतं. २० ची बसतच नाही. "कानशीनं घासून देऊ का?" एकाने प्रेमाने विचारलं. दुसऱ्याला चेनीत रसच नव्हता; तो तबकडीच मोरपंखी रंगवून द्यायला निघाला. जुन्या घड्याळांची अशी रंगरंगोटी बरीच होते, म्हणून मी घड्याळ छातीशी धरून पळालो. शेवटी चामड्याचा पट्टा घातला. मे महिना, पारा चव्वेचाळीसवर. तीन आठवड्यांत पट्ट्याला असा वास सुटला की ऑफिसात शेजारच्या टेबलाने जागा बदलून मागितली.

शिवाय घड्याळ बंद पडायचं. हात हलता राहून स्प्रिंग भरली तर ते दीड दिवसाच्या वर चालतं. वडील दिवसभर गिरणीत साच्यांमधून, म्हणजे मागांमधून, फिरायचे. त्यांच्या हातावर ते कधी थांबलं असेल, असं वाटत नाही. माझा हात माऊसवर. त्यात रविवारभर ते टेबलावर, की सोमवारी ऑफिसात मी नेमाने उशिरा.

"हलवलं की चालतं," बायको म्हणाली, "तुमच्यासारखंच."

शेवटी समेटासाठी काकांना पुन्हा फोन केला आणि चेनीचं रडगाणं सांगितलं. "चेन कशाला शोधायलास? ती माझ्या हातात हाय की. दादानंच दिलती. माझ्या सेलच्या घड्याळाला लावलीय."

मी त्याच रविवारी अक्कलकोटला. काकांनी चेन काढायला साफ नकार दिला. "चेन माझी हाय. तू घड्याळ दे, चेनीला लावून बघू." लावलं. खट्ट आवाज करून बसलं, जराही फट नाही. काकांनी मनगट फिरवून बघितलं, आणि बोलता बोलता तो हात असा हवेत चालवला की दुपारपर्यंत घड्याळाचं पोट भरलं असावं.

ते अजून त्यांच्याच हातात आहे. परवा विचारलं, परत कधी देताय?

"अठ्ठ्याऐंशीचं हाय, असं वहिनीकडनं लिहून आण," काका म्हणाले, "मग बघू."