नोकरी सोडण्यामागचे कारण

मध्यमवर्गीय माणूस जास्त पैशांच्या ओढीने नोकरी सोडून धंद्यात उतरतो, हे एका लेखात वाचलेले मत मला अपुरे वाटते. पुण्याजवळ भोसरीच्या एमआयडीसीत मी एकोणीस वर्षे टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात, काम केले. चाळिशी ओलांडल्यावर पगारवाढ जवळपास थांबली, शेजारच्या विभागातील अनुभवी माणसांच्या जागी कंत्राटी मुले आली आणि पुढची पाळी आपली असू शकते, हे कोणी न सांगताच कळले. अखेर पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांतून एक जुनी लेथ (धातू कातण्याचे यंत्र) घेऊन भाड्याच्या गाळ्यात काम सुरू केले. पहिले वर्षभर पत्नी रात्री स्वयंपाकघरातल्या ओट्यावर डिलिव्हरी चलने लिहीत असे. खरा ताण मात्र कामाचा नव्हता, उधारीचा होता. लघुउद्योगांची बिले जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकती करावीत, असे 2006 चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा सांगतो. प्रत्यक्षात एका मोठ्या ग्राहकाने माझे पैसे चार महिने अडकवले आणि पुढच्या ऑर्डरी बंद होतील या भीतीने मी तक्रारही केली नाही. पगाराच्या ठरलेल्या तारखेवर चालणाऱ्या घराला असे महिने फार जड जातात. आज माझ्याकडे सहा कामगार आहेत आणि त्यांचा पगार मी सात तारखेच्या पुढे एकदाही जाऊ दिलेला नाही.