एक गोळी झाडली की वॉरंटी संपली, म्हणे!

गेले काही दिवस शस्त्र परवानाधारकांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरतो आहे. मला तो तिघांनी पाठवला. त्यातला एक म्हापशाच्या बाजारात माझ्याच रांगेत बसणारा कापडवाला. मजकूर थोडक्यात असा:

“नवं रिव्हॉल्व्हर बिघडलं तर पैसे बुडाले समजा. पहिली गोळी झाडली की वॉरंटी संपते. दुरुस्तीला दिलं की परवाना निलंबित होतो. त्यापेक्षा ओळखीच्या लेथवाल्याकडून पाचशे रुपयांत करून घ्या, परवाना तुमचा असल्यावर कोण विचारतो! नाहीतर खोक्यात भरून कुरिअरने कारखान्याला पाठवा. भांडायचंच असेल तर नवंच बदलून मागा. ग्राहक आयोगाच्या नादी लागू नका, शस्त्रांच्या तक्रारी तिथं चालत नाहीत.”

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, बाकीची खोटी. त्यातलं एक तर सरळ तुरुंगात नेणारं आहे. हे मी वकील म्हणून लिहीत नाही. माझं वडिलांच्या वेळेपासूनचं सोन्याचं दुकान आहे, आणि गेल्या वर्षी माझं स्वतःचं नवंकोरं .३२ रिव्हॉल्व्हर सदोष निघालं. कारखान्याचं आणि दुकानदाराचं नाव घेत नाही, कारण शेवटी दोघांनी आपलं काम केलं.

आधी पहिली गोळी. वॉरंटी गोळी झाडल्याने संपते हे म्हणणं म्हणजे मिक्सर एकदा फिरवला की त्याची हमी संपली म्हणण्यासारखं आहे. झाडल्याशिवाय दोष कळणार कसा? माझ्या कार्डावर वर्षभराची मुदत होती आणि ती बिलाच्या तारखेपासून सुरू होत होती, गोळीपासून नव्हे. काय चालणार नाही तेही त्यावर होतं: घरी भरलेली काडतुसं, स्वतः खोलून बघणं, आणि गंज.

मला दोष कळला तो सरावाच्या रेंजवर. सहापैकी चार बार नीट झाले. एकदा घोडा पडला, टक् असा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. (अशा वेळी नळी समोरच धरून अर्धा मिनिट थांबायचं असतं. बार उशिरानेही होऊ शकतो. लगेच सिलिंडर उघडून डोकावणारे मी पाहिले आहेत.) घरी आल्यावर पुंगळ्या (काडतुसांची पितळी कवचं) काउंटरच्या काचेवर बूड वर करून उभ्या केल्या. दागिन्यांची भिंग डोळ्याला लावायची सवय असल्यामुळे म्हणा, फरक लगेच दिसला. पुंगळीच्या बुडाशी जी टोपी असते, जिच्यावर ठोका बसून बार होतो, तशा चार टोप्यांवर खड्डा बरोबर मधोमध होता, दोनांवर कडेला सरकलेला, एकावर तर इतका उथळ की नखाला लागेना. म्हणजे चाप ओढल्यावर सिलिंडर त्या दोन घरांपाशी (काडतूस बसतं ते घर) पुरता फिरत नव्हता आणि खाचेत बसत नव्हता. घर आणि नळी एका रेषेत नसली की गोळी नळीच्या तोंडाशी घासते, शिसं कापलं जाऊन सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून बाजूला उडतं. बाजूला म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे. पाचशे रुपयांत उरकायचा हा मामला नाही, एवढं तेव्हाच कळलं.

तरी मी लेथवाल्याकडे गेलो होतो, हे कबूल करतो. इंडस्ट्रियल इस्टेटमधला, दुकानाची शटरं वगैरे तोच करतो. त्याने सिलिंडर दोनदा फिरवून कान लावला आणि म्हणाला, “शेट, दाता आखूड पडतोय. कानस मारतो, नाहीतर वेल्डिंगचा थेंब देतो. पाच मिनिटांचं काम.” दाता म्हणजे सिलिंडर पुढे ढकलून फिरवणारा आतला भाग. दोष त्याने बरोबर ओळखला होता, हे विशेष. पण दोन गोष्टी आठवल्या आणि मी रिव्हॉल्व्हर पुन्हा पेटीत घातलं.

एक म्हणजे शस्त्र कायदा, १९५९, कलम ५. शस्त्र बनवणं, विकणं, बदलणं आणि *दुरुस्त करणं* यालाही वेगळा परवाना लागतो. माझा परवाना जवळ बाळगण्याचा आहे, त्याच्याकडे तर कसलाच नाही. हे कलम मोडून दुरुस्ती केली तर कलम २५ खाली, २०१९मध्ये कायदा बदलल्यानंतर, कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. ही शिक्षा मजकूर लिहिणाऱ्याला माहीत असावी असं वाटत नाही. आणि कानस चुकून नंबरावरून गेली तर वेगळंच प्रकरण, कारण ओळखीचा नंबर पुसलेलं हत्यार म्हटल्यावर पोलिसांना पुढचं काही विचारायची गरजच उरत नाही. तेल लावणं, नळीतून ब्रश फिरवणं ही निगा झाली, ती आपण करायची. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की थांबायचं.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. बाहेरचा हात लागल्याची खूण दिसली की कारखाना हात वर करतो, आणि तेव्हा त्याचं चूक म्हणता येत नाही.

आता परवाना निलंबित होण्याची भीती. परवाना केव्हा निलंबित किंवा रद्द करता येतो याची कारणं कलम १७ मध्ये दिली आहेत: अटी मोडणं, खोटी माहिती देणं, सार्वजनिक शांतता वगैरे. हत्यारात दोष निघणं हे त्यात कुठेही नाही. उलट दुरुस्तीसाठी हत्यार नेण्याची वाट कायद्यानेच ठेवली आहे. कलम ३ च्या पहिल्या पोटकलमाला जोडलेलं परंतुक, म्हणजे सवलतीची ओळ, वाचा. ज्याच्याकडे परवाना नाही असा माणूसही, परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल तर, दुरुस्तीसाठी हत्यार नेऊ शकतो. माझा पुतण्या ते दुकानात घेऊन गेला तेव्हा मी एका कागदावर परवाना क्रमांक, हत्याराचा नंबर, कुठून कुठे, कशासाठी आणि तारीख लिहून सही केली होती. पोलीस ठाण्यात एक पत्र देऊन पोचही घेतली. कुणी मागितली नव्हती. पण उद्या आचारसंहिता लागली आणि हत्यार जमा करा म्हणून फोन आला, तर “साहेब, ते दुरुस्तीला गेलंय” हे तोंडी सांगण्यापेक्षा शिक्का दाखवणं बरं.

कुरिअरचा सल्ला याच परंतुकावर आपटतो. तुम्ही खोक्यावर ‘मशीनचा पार्ट’ लिहून दिलंत, की ज्या पोराच्या बॅगेत ते खोकं पडलं त्याच्याकडे ना परवाना, ना तुमचा लेखी अधिकार. त्याला तर बिचाऱ्याला आपण काय वाहतोय हेही माहीत नाही. तेव्हा ज्याने विकलं त्या परवानाधारक विक्रेत्याकडेच जायचं. त्याची नोंदवही असते, पुढे पाठवण्याची त्याची रीत ठरलेली असते, आणि त्याच्या सही-शिक्क्याची पावती ज्या दिवशी हातात पडते त्या दिवसापासून तुमच्या पेटीत हत्यार का नाही याचं उत्तर तुमच्याकडे असतं. पावतीवर नंबर आणि दोष स्वच्छ लिहून घ्या. ‘चेक करणे’ असं लिहू देऊ नका. माझ्या पावतीवर “दोन घरांत सिलिंडर पूर्ण फिरत नाही, टोपीवर ठोका कडेला” असं होतं आणि कडेला ठोका बसलेली रिकामी पुंगळी पाकिटात जोडली होती. जिवंत काडतुसं मात्र सोबत देऊ नयेत.

स्वतःच गाडीत घालून कारखाना गाठायचा विचार असेल तर परवान्यावरचं क्षेत्र आधी पाहा. ते गोव्यापुरतंच असेल तर पत्रादेवी किंवा पोळे इथली राज्याची हद्द ओलांडण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.

गंजाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे गोव्यात वॉरंटी खरी बुडते ती गंजाने. मृगापासून चवथीपर्यंत आपल्याकडे हवेत जे असतं ते कपाटातल्या चपलांवरची बुरशी पाहून कळतं. बहुतेक जण हत्यार हौसेने घेतलेल्या चामड्याच्या म्यानातच ठेवून देतात. चामडं ओल धरतं, शिवाय कमावताना वापरलेली रसायनं त्यात उरलेली असतात. दोन महिन्यांनी काढाल तर शिवणीच्या रेषेत तांबूस ठिपके दिसतील. कारखान्यात खोलल्यावर पहिली नजर त्या ठिपक्यांवर जाते आणि मूळ दोष राहतो बाजूला. म्यान बाहेर जाताना वापरायचं. घरी तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलची पुडी टाकून, कुलपात. आणि घरी आणलं त्याच दिवशी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवायचे. माझ्या वेळी सर्वांत उपयोगी पडले ते हे फोटोच.

‘नवंच बदलून मागा’ हे ते अर्धं खरं वाक्य. मागता येतं. पण मोबाईल बदलून घेतला की सिम सरकवलं आणि झालं, तसं इथं नाही. परवान्यावर हत्याराचा नंबर चढलेला असतो, नवं आलं की जुन्याची नोंद उतरवून नव्याची चढवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत खेटे आलेच. शिवाय २०१९पासून एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात. ज्याच्याकडे आधीच दोन आहेत त्याला जुनं जमा झाल्याशिवाय नवं हातात घेताच येणार नाही. म्हणून नंबर असलेला सांगाडा तोच ठेवून आतले भाग बदलून मिळत असतील, तर तेच सोयीचं. पैसे परत घेऊन दुसरं घेऊ म्हणाल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवर जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे, हेही हिशेबात धरा. मांडवीतल्या कॅसिनोंच्या पंगतीला बसवलंय आपल्याला.

उरला ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘माल’ या शब्दातून बंदूक वगळलेली नाही. स्वतःसाठी पैसे मोजून घेतलेली वस्तू सदोष असेल तर तक्रार करता येते, मग बनवणारा खासगी असो की सरकारी कंपनी. आयुध कारखान्यांच्या तर १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्याच झाल्या आहेत. तक्रार करायला कारखान्याच्या गावी जावं लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात ती दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. आयोग दोष काढून द्या, बदलून द्या किंवा पैसे परत करा, यातलं काहीही सांगू शकतो. मात्र लेथवाल्याची कानस लागलेलं हत्यार घेऊन तिथं गेलात, तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार.

मला तिथवर जावं लागलं नाही. सहा आठवडे काही कळेना तेव्हा विक्रेत्याला आणि कारखान्याला एकच पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. त्यात बिलाची तारीख, पावती क्रमांक, दोष आणि पंधरा दिवसांची मुदत, बस्स. शिव्या नाहीत, ‘बघून घेईन’ नाही. चवथीच्या आधी दिलेलं रिव्हॉल्व्हर दिवाळी होऊन गेल्यावर परत आलं, एकूण अकरा आठवडे लागले. सोबतच्या कागदावर दाता आणि सिलिंडर बदलल्याची नोंद होती, नंबर तोच, पैसे शून्य. पुढच्या रविवारी रेंजवर जाऊन दोन वेळा सहा-सहा बार केले आणि बाराही पुंगळ्या काचेवर उभ्या केल्या. कापडवाला समोर बसला होता. त्याच्या हातात भिंग दिली.