गच्ची मिळाली ना? मग लायसन्सचं काय घेऊन बसलात!

नाशकात हॉटेल काढायचं तुम्ही ठरवलंत, अभिनंदन. वेळही अचूक साधलीत. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. लाखो भाविक रामकुंडाकडे निघणार आणि वाटेत त्यांना कॉलेज रोडवर नेमकी एका रूफटॉप लाउंजची गरज भासणार, हे ज्याला सर्वांआधी सुचतं त्यालाच उद्योजक म्हणतात. तेव्हा लागा कामाला. फक्त एक पथ्य पाळा: वकिलाकडे जाऊ नका. निदान आत्ता तरी नको. वकील बसल्याबसल्या कागद मागतो. तुमच्याकडे आत्ता फक्त उत्साह आहे, त्याची झेरॉक्स निघत नाही.

जागा बघायला संध्याकाळी जा. गार वारा सुटलेला असतो, लांबवर पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, अशा वेळी भोगवटा प्रमाणपत्राची आठवण कुणालाही येत नाही. मालक म्हणेल, 'इथं आधी क्लासेस होते, कधी प्रॉब्लेम आला नाही.' पुरावा म्हणून एवढं बास. महापालिकेच्या राजीव गांधी भवनात जाऊन मंजूर नकाशा काढायचा, त्यात या गच्चीला नुसती गच्ची म्हटलंय की आणखी काही, ते बघायचं, असले उद्योग करणाऱ्यांच्या हातातून आजवर किती चांगल्या गच्च्या गेल्यात. करार अकरा महिन्यांचा करा, पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरीचा शिक्का मारून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. अकरा महिन्यांची सवलत त्या कलमात शोधूनही सापडत नाही. पण कलम कोण बघतो? शिक्का बघा केवढा उठून दिसतो. आणखी एक. 'परवाना न मिळाल्यास डिपॉझिट परत' अशी एक ओळ काही करारांत आढळते. ती वकिलाने घातलेली असते. तुमच्यात वकील नाही, सबब ओळही नाही. टोकन द्या, डिपॉझिट द्या, इंटिरिअर सुरू करा, एवढा पैसा ओता की पुढे कुणी 'या इमारतीत परमिट रूम बसत नाही' असं सांगितलंच, तर ते ऐकून घेण्याची तुमची ऐपतच उरू नये.

परवान्यांसाठी माणूस धरा. तो शोधावा लागत नाही, सीबीएस बसस्थानकाच्या बाजूला जुन्या आग्रा रोडवर चहाच्या टपरीशी थोडा वेळ उभं राहिलं की तोच तुम्हाला शोधत येतो. 'साहेब आपलेच आहेत' हे त्याचं पहिलं वाक्य, 'फाइल टेबलावर आहे' हे दुसरं. कुठल्या टेबलावर, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. त्याला आधारची झेरॉक्स द्या, कोऱ्या अर्जांवर सह्या द्या, आणि ऑनलाइन नोंदणी करताना मोबाइल नंबर त्याचाच टाकू द्या. यात मोठी सोय आहे. अर्जात त्रुटी निघाली की मेसेज त्याला जातो, तुम्हाला मनस्ताप नाही. ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, तुमच्याकडे फक्त त्याने पाठवलेला अंगठा. पुढे कधी भांडण झालं, तर स्वतःच्याच हॉटेलची फाइल उघडून दाखवावी म्हणून तुम्ही त्याच्या घराची बेल वाजवाल. माणसं जोडली जातात ती अशीच.

आता दारू. इथे घाई करू नका, विषय मोठा आहे.

नाशिक म्हणजे वाइनचं गाव. गंगापूरच्या माळावर सुलाच्या वेली लागल्या तेव्हापासून इथे वाइनला द्राक्षाच्या रसाचा दर्जा आहे, फार तर जरा शिळ्या रसाचा. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली, मग आरडाओरडा झाला आणि निर्णय बासनात गेला. तुम्ही पहिली बातमी वाचलीत, दुसरी वाचली नाहीत, त्यामुळे चुलीवरच्या मिसळीशेजारी वाइन मांडायला तुम्ही मोकळे आहात. कुणी शहाणा सांगेल की वाइन बारचा परवाना वेगळा आणि परमिट रूमचा एफएल-३ वेगळा. त्याला सांगा, आम्ही विकत नाही, कॉम्प्लिमेंटरी देतो. किंवा त्याहून भारी म्हणजे, गिऱ्हाईक स्वतःची बाटली आणतं, आम्ही फक्त ग्लास, बर्फ आणि चखणा पुरवतो. १९४९ चा दारूबंदी कायदा लिहिणाऱ्यांना ही युक्ती सुचली नसणार असं गृहीत धरा. त्यांना ती सुचली होती. नफ्यासाठी लोकांना पिण्याची जागा करून देणं हाच कलम ६८ खाली गुन्हा आहे, बाटली कुणाची हा प्रश्न गौण. आणि त्या जागी पीत बसलेल्या गिऱ्हाइकासाठी कलम ८४ वेगळं आहे. म्हणजे छापा पडला की तुम्ही आणि तुमचं सर्वांत निष्ठावान गिऱ्हाईक एकाच गाडीतून जाता. एवढी जवळीक कुठल्या लॉयल्टी कार्डाने साधली असती?

तो कायदा दारूबंदीचा आहे, हे लक्षात आलं असेलच. महाराष्ट्रात दारू विकायची, न्यायची, प्यायची परवानगी दारूबंदीच्या कायद्याखालीच मिळते. पिणाऱ्यालाही परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा नाहीतर आजन्म, आणि तो त्याच्या आरोग्याचं रक्षण व्हावं म्हणून दिला जातो. हे मी रचलेलं नाही. सरकारी विनोदापुढे आमच्यासारख्यांची डाळ शिजत नाही. तुम्ही मात्र एकदिवसीय परवान्यांची चवड गल्ल्याखाली धूळ खात पडू द्या आणि वय विचारायच्या भानगडीत पडू नका. सौम्य बिअरला २१ आणि कडक दारूला २५ ही अट कॉलेज रोडवर पाळायची म्हटली तर गिऱ्हाइकं म्हणून प्राध्यापकच उरतील.

परवाना काढणं फारच जड वाटत असेल तर दुसऱ्याचा वापरा. कुणाच्या तरी वडिलांच्या नावावर जुनं एफएल-३ असतंच. काका घरी झोपलेले, लायसन्स भिंतीवर टांगलेलं, गल्ल्यावर तुम्ही. अर्ज नाही, मंजुरी नाही, शब्दावर व्यवहार. काउंटरवरच्या पोराचा नोकरनामा, म्हणजे दारू विकायला ठेवलेल्या नोकराचा परवाना, कुठे आहे म्हणून उत्पादन शुल्कवाल्यांनी विचारलं तर पोराला सांगून ठेवा, 'मी पाहुणा आहे, सहज उभा होतो.' ३१ मार्चला नूतनीकरणाची फी काकांनी भरायची की तुम्ही, हा विषय एप्रिलमध्ये काढा. १४ जुलै २०२५ ला राज्यभरातल्या बारवाल्यांनी वाढलेला व्हॅट, लायसन्स फी आणि उत्पादन शुल्काविरुद्ध एक दिवस बंद पाळला होता. तुम्ही त्या दिवशीही दुकान उघडं ठेवू शकला असतात, कारण तुम्ही कुठल्याच यादीत नाही.

अंतराची अट हा एक वेगळाच आनंद आहे. शाळा आणि देवळापासून ठरावीक अंतर सोडायचं, असा नियम मुंबईत बसून कुणी केला असेल तो करो, त्याने पंचवटी पाहिलेली नव्हती. इथे टेपचं एक टोक धरून चार पावलं टाकली की दुसरं टोक घंटेला लागतं. म्हणून टेप धरूच नका, नजरेने मोजा. हायवेची गोष्ट निराळी. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं. मुंबई-आग्रा महामार्ग नाशकाच्या पोटातून जातो, त्यामुळे इथल्या अनेकांची एका रात्रीत उतरली. मार्च २०१७ च्या अखेरीस वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या भागांसाठी अंतर २२० मीटरवर आलं, आणि जुलैत न्यायालयाने स्पष्ट केलं की पालिका हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश आड येत नाही. मधल्या काळात केरळातल्या एका बारने दारासमोर वळणावळणाची वाट बांधून अंतर भरून काढलं होतं. अशा कल्पकतेपुढे वकिली सल्ल्याची काय मातब्बरी? पालिकेबाहेर गोवर्धन, दिंडोरीकडे जागा घेतलीत तर गंमत आणखी वाढते: ग्रामपंचायत एक, पोलीस ग्रामीणचे, बांधकाम परवानगी तिसऱ्याच कार्यालयाची, आणि सातबाऱ्यावर अजून द्राक्ष. शेतघर म्हणून मंजुरी घ्या, आत डान्स फ्लोअर टाका. शेतकऱ्याने नाचायचंच नाही का?

आगीचं फार मनावर घेऊ नका. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या गच्चीवर आग लागून १४ माणसं गेली, त्यानंतर रूफटॉप म्हटलं की अधिकारी जिन्याकडे बघतात. तुमचा जिना एकच आहे आणि त्यावर सध्या बिअरचे क्रेट आहेत. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. तुम्ही लाल नळकांडं एकदाच विकत घ्या आणि सेल्फी पॉइंटच्या मागे, कृत्रिम वेलींमध्ये, फोटोत येणार नाही असं लावा. वेली प्लॅस्टिकच्याच घ्या, पाणी घालायला लागत नाही.

हुक्का? 'हर्बल आहे' म्हणा. २०१८ पासून राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आहे, पण आयुर्वेदावर नाही, असा युक्तिवाद मी ऐकलाय. करणारा आत्मविश्वासाने करत होता, समोरचा पंचनामा लिहीत होता.

संगीताशिवाय मात्र चालणार नाही. स्पॉटिफायचं प्रीमियम तुम्ही घेतलंच आहे, म्हणजे गाण्यांचे पैसे फिटले. ते वैयक्तिक वापरासाठी असतं, हॉटेलात ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची तर पीपीएल, गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस, अशी पत्रं येऊ लागली की त्यांना खंडणीबहाद्दर म्हणून हसा. कॉपीराइट कायद्यात लग्नविधी आणि वरातीला सूट आहे, कलम ५२(१)(झेडए). तिचा फायदा घ्या. दर शनिवारच्या लेडीज नाइटला एका वेटरच्या डोक्याला मुंडावळ्या बांधून ठेवा, कुणी विचारलं तर वरात. डीजे रात्री दहानंतरच रंगात येतो आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायचा असतो, हा निव्वळ योगायोग समजा. व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबल, रात्री ५५, निवासी भागात आणखी दहा-दहाने कमी. तुमची गच्ची व्यापारी आहे, पण समोरच्या गॅलरीतल्या आजी निवासी आहेत. त्यांचा फोन पोलीस कंट्रोलला लागतो आणि बीट मार्शल येतात, तेव्हा खालच्या मजल्यावर लपा. गायिका, ऑर्केस्ट्रा, स्टॅंड-अप, कशासाठी पोलिसांची करमणुकीची परवानगी लागते हे आधी विचारू नका. बारमधल्या नाचाचा वाद २००५ पासून जानेवारी २०१९ पर्यंत चालला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने काही अटी उडवल्या, काही ठेवल्या. तुम्ही फक्त 'कोर्टाने परवानगी दिली' एवढंच लक्षात ठेवलंय, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर.

शेजारच्या बायकांना नमस्कार वगैरे करायची गरज नाही. वॉर्डातल्या महिलांनी ठरवलं तर दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान घेता येतं आणि पुरेशा मतदारांनी मतपत्रिकेवरची आडवी बाटली पसंत केली तर दुकान बंद होतं. पण त्या कुठे एकत्र येतायत! हळदीकुंकवालाच काय त्या जमतात, आणि तेव्हा तुमच्या सबवूफरबद्दल थोडंच बोलतात.

एवढं सगळं यथासांग केलंत की नोटीस येते. आता, अगदी आता, वकिलाकडे जा. शुक्रवारी संध्याकाळी जा, सुनावणी सोमवारी आहे. सगळे कागद दुधाच्या पिशवीत कोंबून न्या, तारखेने लावू नका, रहस्य टिकलं पाहिजे. करार विचारला तर नोटरीचा शिक्का दाखवा. फॉर्म बी विचारला तर अन्नपरवान्याचा चौदा अंकी नंबर सांगा, तेवढा एक तुम्ही खरंच काढलेला असतो, कारण डिलिव्हरी अ‍ॅपने त्याशिवाय घेतलं नाही. परवाना कुणाच्या नावावर, या प्रश्नाला 'घरातल्यासारखेच आहेत ते' हे उत्तर ठीक राहील. मग वकीलसाहेब चष्मा काढून डोळे चोळतील आणि फी सांगतील. इथे दचका. 'नुसतं उत्तर लिहायचे एवढे?' असं विचारा, आणि खिशातून मोबाइल काढून सांगा, 'उत्तर मेहुण्याने एआयकडून लिहून घेतलंय साहेब, कलमंबिलमं सगळी टाकलीत त्याने, तुम्ही फक्त सही करा.'