डस्टिंग म्हणजे नक्की काय केलं?

आमच्या घरात धूळ मराठीत बसते आणि इंग्रजीत काढली जाते. "जरा फडकं मार" म्हटलं की कुणाला ऐकूच येत नाही. तेच "डस्टिंग" म्हटलं की कामाला वजन येतं आणि ते माझ्या गळ्यात पडतं.

हा डस्ट शब्द पक्का दुतोंडी. टेबल डस्ट करायचं तर धूळ काढायची, केक डस्ट करायचा तर वर पिठीसाखर भुरभुरायची. ठसेतज्ज्ञ तर दाराला भुकटी फासतो, तेही डस्टिंगच! 1921 साली अमेरिकेत ओहायोमध्ये विमानातून झाडांवर कीडनाशक भुकटी सोडली, तेही त्याच खात्यात. त्या वैमानिकाला खालून कुणी "अरे, सगळीकडे उडवतोयस!" म्हणून ओरडलं नसावं.

मला ओरडतात. कारण माझ्या वाट्याला छताचा पंखा. एवढा गरागरा फिरतो, तर धूळ आपोआप झटकली जावी की नाही? छे. पात्याला लगटलेला हवेचा पातळ थर पात्याबरोबरच फिरतो, त्यामुळे एकदा चिकटलेले बारीक कण जागचे हलत नाहीत. वारा कापणाऱ्या कडेवर तर काळपट, चिकट लोकरीची किनारच विणलेली असते. स्टुलावर मान मोडून मी ती खरवडतो आणि खालून बायकोची आज्ञा येते, "खाली पाडू नकोस हं!" आता खाली नाही तर कुठे पाडू? कोरडं फडकं मारलं की धूळ हवेत, ओलं मारलं की पात्यावर चिखल.

त्यात शिंका. गादीत राहणारा डस्ट माइट जेमतेम पाव मिलिमीटरचा. आपल्या त्वचेच्या गळलेल्या खपल्यांवर पोसतो आणि त्याच्या विष्ठेनं आपल्यालाच अ‍ॅलर्जी होते. माझंच खाऊन मलाच शिंकायला लावतो! सहारातली धूळ निदान अटलांटिक ओलांडून अमेझॉनच्या जंगलाला फॉस्फरस तरी पोचवते. आमची टीव्हीवरून उठते ती थेट कपाटावर. पुस्तकांना म्हणे डस्ट जॅकेट असतं; मला मात्र माझाच जुना टी-शर्ट, तोही फडकं म्हणून.

शेवटी तपासणी. बायको कपाटावरून बोट फिरवते, बोटाकडे बघते, मग माझ्याकडे.

"धूळ काढलीस की नुसती पसरवलीस?"

"डस्टिंग केलं," मी सांगतो.