ईस्टरच्या अंड्यांचे घरगुती रंग: फिरत्या संदेशातील चुका

ईस्टर जवळ आला की जालना, संभाजीनगरकडच्या आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत एक संदेश हमखास फिरतो: ‘स्वयंपाकघरातला कोणताही रंगीत पदार्थ उकळा, अंड्याला तोच रंग येतो, पाण्यात व्हिनेगर किंवा सोडा, काहीही चालते, तपकिरी गावरान अंडी घेऊ नका, रंग नैसर्गिक असल्याने अंडी तीन-चार दिवस टोपलीत खुशाल ठेवा.’ यातले एकही विधान टिकत नाही आणि शेवटचे तर धोक्याचे आहे.

पदार्थाचा रंग अंड्यावर जसाच्या तसा उतरेलच असे नाही. जांभळ्या कोबीच्या पाण्यात ठेवलेले अंडे निळे होते, कारण कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे अल्कधर्मी असते आणि कोबीतला रंग अल्कात निळसर होतो. बिटाचा गुलाबी रंग फार उकळला की मळकट तपकिरी पडतो. खरा भरवशाचा रंग कांद्याच्या वाळक्या सालींचा. आमची आई महिनाभर त्या पिशवीत साठवते, अर्धा तास उकळून पाणी गाळते, अंड्यावर कोथिंबिरीचे ओले पान चिकटवून जुन्या सुती कापडात दोऱ्याने घट्ट बांधते आणि मग त्या पाण्यात उकडते; कापड सोडले की विटकरी कवचावर पानाची फिकट नक्षी, अगदी देठासकट, उमटलेली असते.

व्हिनेगर आणि सोडा यांचे गुण तर परस्परविरोधी आहेत. व्हिनेगर कवचाचा पृष्ठभाग किंचित विरघळवते, बारीक बुडबुडे दिसतात आणि रंग धरतो. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे पुरतात. सोड्याने मात्र हळद लालसर होते, हे हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या आपल्या मुलखात कुणाला सांगायला नको.

गावरान अंडी टाळण्याचेही कारण नाही. कांद्याचा रंग त्यांवर उलट अधिक गडद येतो, फिकट पिवळा किंवा निळा तेवढा दबतो.

टिकण्याचा प्रश्न मात्र रंगाचा नाहीच. उकडताना कवचावरचे नैसर्गिक संरक्षक आवरण निघून जाते आणि छिद्रांतून जंतू आत शिरू शकतात. एरवी उकडलेले अंडे दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, पारा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा. मराठवाड्यात एप्रिलमध्ये तो चाळिशीला टेकतो. म्हणून खायची अंडी रंगवताच फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावीत. टोपली सजवायचीच असेल तर कच्च्या अंड्याला दोन्ही टोकांना दाभणाने भोक पाडून आतला बलक फुंकून वाटीत काढावा, कवच धुऊन वाळवावे आणि मग रंगवावे.