डॉट एक्सएक्सएक्स काढू इच्छिणाऱ्यांना चार हिताच्या गोष्टी

इंटरनेटवरचा सगळा चावटपणा एका कोपऱ्यात गोळा करावा, त्यावर ठळक पाटी लावावी आणि सज्जनांनी तिकडे फिरकू नये, ही कल्पना तुमच्या मनात आली असेल तर प्रथम अभिनंदन. ती दर चार-पाच वर्षांनी कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात येतेच. बहुतेक जण ती सभागृहात किंवा फॅमिली ग्रुपवर मांडून मोकळे होतात. तुम्ही एवढ्यावर थांबू नका. तुम्ही थेट रजिस्ट्री काढा, म्हणजे 'डॉट कॉम'सारखं 'डॉट एक्सएक्सएक्स' हे शेपूट लावलेली नावं विकणारी कंपनी. यात पैसा आहे. तो नेमका कुठून येतो हे उमगलं की चावटपणाशी तुमचा फारसा संबंधही उरणार नाही.

आधी चिकाटी कमवा. डॉट एक्सएक्सएक्ससाठी आयसीएम रजिस्ट्री या कंपनीने २००० साली पहिला अर्ज केला, तो बारगळला. २००४ मध्ये ४५ हजार डॉलर फी भरून पुन्हा अर्ज. जून २००५ मध्ये इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या संचालक मंडळाने कराराची बोलणी सुरू करायला होकार दिला. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने कळवलं की आमच्याकडे विरोधाची सहा हजारांच्या आसपास पत्रं आणि ईमेल आली आहेत, जरा दमानं घ्या. मे २००६ मध्ये नऊ विरुद्ध पाच मतांनी नकार. मार्च २००७ मध्ये लिस्बनला पुन्हा नऊ विरुद्ध पाच. एव्हाना तुमच्यामाझ्यासारख्याने गाशा गुंडाळला असता. आयसीएमचे स्टुअर्ट लॉली २००८ मध्ये लवादाकडे गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे माजी अध्यक्ष स्टीफन श्वेबेल लवादाच्या अध्यक्षस्थानी, आणि समोर प्रश्न काय, तर या साइटींना स्वतंत्र शेपूट द्यावं की नाही! फेब्रुवारी २०१० मध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल आला: २००५ मध्ये निकष पूर्ण झाले म्हणायचं आणि नंतर शब्द फिरवायचा, हे आयकॅनचं वागणं न्याय्य नव्हे. लवादाचा खर्चही आयकॅनच्याच बोडक्यावर बसला. शेवटी १८ मार्च २०११ ला सॅन फ्रान्सिस्कोत नऊ बाजूने, तीन विरोधात आणि चार तटस्थ. म्हणजे अर्जापासून मंजुरीपर्यंत अकरा वर्षं. तेवढ्यात पोरगं पाचवीला जातं.

अर्जात एक पेच असतो. तेव्हाच्या नियमांनुसार असं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाचं शेपूट, 'प्रायोजित' असायला हवं, म्हणजे त्यामागे एखादा समाज उभा आहे हे दाखवावं लागतं. घाबरू नका. समाज विरोधात असला तरी संस्था काढता येते. आयसीएमने इफ्फोर नावाची संस्था उभी केली आणि विकलेल्या प्रत्येक नावामागे वर्षाला दहा डॉलर तिला द्यायचं ठरवलं. ज्यांच्या नावाने हा सगळा खटाटोप चालला होता, त्या धंद्याची संघटना फ्री स्पीच कोअलिशन मात्र सॅन फ्रान्सिस्कोत सभागृहाबाहेर निषेधाचे फलक घेऊन उभी होती. धार्मिक संघटना म्हणाल्या, यामुळे घाणीला प्रतिष्ठा मिळेल. धंदेवाले म्हणाले, आज ऐच्छिक म्हणता, उद्या सक्तीने सगळ्यांना त्या गल्लीत कोंबाल आणि परवा गल्लीच बंद कराल. त्यांची भीती अगदीच हवेतली नव्हती. २००६ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये नेमकं हेच सक्तीचं करणारं विधेयक आलं होतं. चर्च आणि चावट धंदा एकाच बाजूला आणणं आजवर फार थोड्यांना जमलं आहे. तुम्हाला जमलं तर आपण योग्य मार्गावर आहोत असं समजा.

आता मुद्द्याचं, म्हणजे पैशाचं. डॉट कॉमचा घाऊक भाव तेव्हा वर्षाला सात-आठ डॉलर होता. तुम्ही साठच्या आसपास लावा. एवढं महाग कोण घेणार, हा प्रश्न बाजूला ठेवा, कारण तुमचा खरा गिऱ्हाईक वेगळाच आहे. ज्याला हे नाव नको आहे, तोच तुमचा गिऱ्हाईक. म्हणून विक्रीचं वेळापत्रक तीन टप्प्यांत आखा. सप्टेंबर २०११ मध्ये आयसीएमचा पहिला टप्पा उघडला, त्यात दोन खिडक्या होत्या. एक धंद्यातल्या ट्रेडमार्कवाल्यांसाठी. दुसरी, म्हणजे सनराइज-बी, साबण, बँका, शीतपेयं, बालवाङ्मय विकणाऱ्या सभ्य मंडळींसाठी: एकरकमी दोन-तीनशे डॉलर मोजा, म्हणजे तुमचं नाव त्या एक्स्टेन्शनवर कुणालाच मिळणार नाही. विकायचं काही नाही, सर्व्हर नको, गिऱ्हाइकाचा फोन नको. एक कोरं पान दाखवायचं की हे नाव राखीव आहे. दोन्ही खिडक्या मिळून ८० हजारांच्या घरात अर्ज आल्याचं रजिस्ट्रीने सांगितलं.

नियम मात्र काटेकोर ठेवा. अडवलं जाईल ते फक्त नोंदणीकृत ट्रेडमार्कशी अक्षर न् अक्षर जुळणारं नाव. शेवटी एक 'एस' जास्त लागला की ते वेगळं नाव, वेगळे पैसे. नोंदणी नसेल तर ६ डिसेंबरला दुकान सर्वांसाठी उघडेपर्यंत थांबायचं आणि बाजारभावाने दरवर्षी घ्यायचं. तुमची खरी कमाई इथे आहे, कारण एकदा माणूस घाबरला की त्याची कल्पनाशक्ती तुमच्यासाठी फुकट राबते. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाने 'केयूगर्ल्स' आणि 'केयूनर्सेस' अशी नावं याच एक्स्टेन्शनवर स्वतःसाठी विकत घेऊन ठेवली. ती यादी करायला बसलेल्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायला मिळावं, एवढीच इच्छा आहे.

कुणी तांत्रिक शंका काढलीच, तर आधी हा प्रयोग दाखवा. ऑफिसच्या डीएनएस रिझॉल्व्हरमध्ये, म्हणजे नावावरून साइटचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरमध्ये, एक ओळ घाला: डॉट एक्सएक्सएक्सने संपणाऱ्या कुठल्याही नावाला 'असं नाव अस्तित्वात नाही' असं उत्तर दे. सर्व्हिस रीलोड करा. साहेबांसमोर एक पत्ता टाइप करा, पान उघडत नाही. टाळ्या. आता तिथून लगेच निघा, कारण साहेब पुढचा पत्ता डॉट कॉमचा टाकतील आणि तीच साइट सुखेनैव उघडेल. डॉट एक्सएक्सएक्स घेतलं म्हणून डॉट कॉम सोडण्याची अट कुणावरच नव्हती. चालतं दुकान कोण सोडतो? बरेच जण नवं नाव घेतात आणि ते जुन्याकडे वळवून ठेवतात.

शिवाय ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' बाहेरच्या सेवेवर लावलेलं असेल तर प्रश्न तुमच्या रिझॉल्व्हरकडे येतच नाही, तो एचटीटीपीएसमधून परस्पर बाहेर जातो. वर, नाव म्हणजे काही जागा नव्हे. पतसंस्थेच्या डोमेनचं पॅनेल ज्या पोराकडे आहे, त्याने एक सबडोमेन काढून ए-रेकॉर्डमध्ये, म्हणजे नावाचा पत्ता सांगणाऱ्या नोंदीत, कुठलाही आयपी पत्ता टाकला की ते नाव तिकडे बोट दाखवणार. त्या सर्व्हरच्या मालकाला कुणी विचारतही नाही. नाव म्हणजे जागा नव्हे, हे डोनाल्ड ईस्टलेक यांनी फेब्रुवारी २००४ मध्येच आरएफसी ३६७५ या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात लिहून ठेवलं होतं. फुकट मिळतं, म्हणून कुणी वाचत नाही. तुमच्या सादरीकरणात त्याचा उल्लेख टाळा.

उलट बाजूने सुरुवात करू, मुलांसाठीच वेगळं कुंपण घालू, असं कुणी सुचवलं तर त्याला डॉट किड्स डॉट यूएस दाखवा. अमेरिकेने २००२ मध्ये त्यासाठी कायदा केला. आतून बाहेर जाणारी लिंक नको, चॅट नको, सगळं पारखून घेतलेलं. इतकं स्वच्छ झालं की आत फारसं कुणी आलंच नाही, आणि २०१२ मध्ये ते थांबवावं लागलं. सज्जनांच्या भीतीला जो भाव आहे तो सज्जनांच्या वापराला नाही.

भारतात ही पाटी विकायची असेल तर जरा जपून. आपल्याकडे एक्स्टेन्शनच्या भानगडीत न पडता थेट यादी करण्याची पद्धत आहे. ३१ जुलै २०१५ ला दूरसंचार खात्याने ८५७ साइटी बंद करायला सांगितलं आणि ४ ऑगस्टला त्यात माघार घेतली. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा तीच यादी बाहेर निघाली. या वेळी तपासली, तर ३० साइटींवर तसलं काही नव्हतंच, म्हणून ८२७. त्यानंतर सगळ्यात मोठ्या साइटने काय केलं? डॉट कॉम अडलं म्हणून डॉट नेटवर दुकान मांडलं. एक्स्टेन्शनने प्रश्न सुटतो, हे एवढ्या सुबकपणे दुसऱ्या कुणी सिद्ध केलेलं नाही.

धंदा बसला की वाढवा. आयकॅनच्या पुढच्या फेरीत अर्जाची फी एक लाख ८५ हजार डॉलर होती. आयसीएमने ती भरून २०१५ मध्ये डॉट पॉर्न, डॉट ॲडल्ट आणि डॉट सेक्सही बाजारात आणलं. टेलर स्विफ्टने स्वतःच्या नावाची डोमेनं घेऊन टाकली, मायक्रोसॉफ्टनेही 'ऑफिस'साठी घेतलं. एका भीतीच्या चार पावत्या. मग २०१८ मध्ये कंपनी चार कोटी डॉलरच्या आसपास विकली गेली आणि २०२१ मध्ये ही एक्स्टेन्शनं गोडॅडीच्या रजिस्ट्रीकडे गेली.

शेवटची काळजी नूतनीकरणाची. २०११ मध्ये एकरकमी पैसे भरून नाव अडवलेल्यांची मुदत दहा वर्षांची होती, ती २०२१ च्या अखेरीस संपली. तोवर चारही एक्स्टेन्शनवर एकत्र नाव अडवणारी ॲडल्टब्लॉक नावाची नवी योजना तयार होती. तुम्हीही मुदतीआधी तीन महिने सगळ्यांना मेल टाका. तो कायदा विभागाला पाठवा, आयटीला नको. आयटीवाले प्रश्न विचारतात. मजकूर साधा ठेवा: 'आपल्या ब्रँडचं संरक्षण लवकरच संपत आहे.' कुणापासून, ते लिहू नका.