मर्यादा मान्य, पण खेळाडूचा वाटा किती?

आयपीएलचा लिलाव झाला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन-तीन दिवस दुसरा विषय नसतो. लखनौने ऋषभ पंतला 27 कोटींना घेतलं तेव्हा निम्म्या लोकांचं म्हणणं होतं, एकट्यावर एवढे पैसे घातले की संघाची वाट लागलीच. उरलेल्यांचं म्हणणं, खेळाडूला एवढे पैसे द्यायचेच कशाला? डोंबिवलीचा एक मित्र अशा वेळी मला हमखास ऐकवतो, "तुमच्याकडे बरं आहे रे, सॅलरी कॅप असते, सगळं कसं शिस्तीत!"

मी टोरोंटोला खेटून असलेल्या मिसिसागात राहतो. इथे येऊन आइस हॉकी शिकलो, म्हणजे बघायला शिकलो, आणि टोरोंटोच्या मॅपल लीफ्स संघाचा झालो. या संघाच्या चाहत्याला खेळाइतकाच पगाराचा हिशेब पाठ असतो. दुसरा इलाजच नसतो. त्या हिशेबाच्या भरवशावर मित्राला सांगावंसं वाटतं की सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, मलाही हवीच आहे. पण ती इथे ज्या सौद्यातून आली, त्यातली एक बाजू आपल्याकडे कुणी उच्चारतही नाही.

हा सौदा सुखासुखी झाला नव्हता. 2004 मध्ये एनएचएलच्या, म्हणजे इथल्या आइस हॉकी लीगच्या, मालकांनी टाळेबंदी केली. खेळाडूंचा संप नव्हता, मालकांनी मैदानाला कुलूप घातलं होतं. आयुक्त गॅरी बेटमन यांना पगारावर पक्की मर्यादा हवी होती, खेळाडूंची संघटना ती मान्य करायला तयार नव्हती. फेब्रुवारी 2005 मध्ये अख्खा हंगाम रद्द झाला आणि 1919 नंतर पहिल्यांदाच स्टॅनले कप, म्हणजे विजेतेपदाचा करंडक, कुणालाही मिळाला नाही. शेवटी खेळाडू नमले. चालू करारांत 24 टक्के कपात सोसली आणि 2005-06 पासून प्रत्येक संघाच्या पगाराला 3 कोटी 90 लाख डॉलरची मर्यादा लागली.

आपल्याकडे गोष्ट इथेच संपते. पण नमताना खेळाडूंनी एक गोष्ट लिहून घेतली: लीगच्या हॉकीतून येणाऱ्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा आमचा. सुरुवातीला तो 54 ते 57 टक्के होता. 2012-13 मध्ये पुन्हा टाळेबंदी झाली, हंगाम 48 सामन्यांवर आला आणि वाटा 50 टक्क्यांवर उतरला. तेव्हापासून निम्मे मालकांचे, निम्मे खेळाडूंचे. दरवर्षीची मर्यादा या निम्म्या वाट्यावरून काढतात. 2025-26 साठी ती 9 कोटी 55 लाख डॉलर ठरली. शिवाय तिला तळही आहे: त्याच हंगामात कुठल्याही संघाला 7 कोटी 6 लाखांहून कमी खर्च करायची मुभा नाही. चिक्कू मालकाने स्वस्त पोरं खेळवून नफा खिशात घालायचा, ही वाट तिथेच बंद होते. खेळाडूंच्या पगारातून टीडीएससारखी एक रक्कम कापून ठेवतात आणि वर्षअखेरीस खरं उत्पन्न बघून हिशेब पुरा करतात. पगार निम्म्याच्या वर गेले असतील तर कापलेले पैसे मालकांकडे जातात. म्हणजे धंदा बसला तर खेळाडूही सोसतात. त्यांनी ते मान्य केलं, कारण धंदा वाढला तर वाढही त्यांची आहे.

आता ही मर्यादा संघाला कशी चावते, ते लीफ्सच्या उदाहरणावरूनच सांगतो.

जुलै 2018 मध्ये जॉन टवारेस टोरोंटोला आला. मिसिसागात जन्मलेला, लहानपणी लीफ्सच्या चादरीवर झोपणारा मुलगा. त्या झोपेचा फोटो त्याने स्वतःच टाकला होता. सात वर्षं, वर्षाला 1 कोटी 10 लाख डॉलर. गाव खुशीत होतं आणि मीही होतो. त्यानंतरच्या सव्वा वर्षात विल्यम नीलँडर, ऑस्टन मॅथ्यूज आणि मिच मार्नर या घरच्या तिघांचेही मोठे करार झाले. चौघे मिळून जवळपास 4 कोटी 5 लाख डॉलर. तेव्हाची मर्यादा 8 कोटी 15 लाख. एका संघात जास्तीत जास्त 23 जण ठेवता येतात. त्यातल्या चौघांनी निम्मी थैली नेली आणि उरलेल्या निम्म्यात गोलरक्षक, सगळी बचावफळी आणि बाकीचे फॉरवर्ड बसवायचे होते.

हा हिशेब अगदीच वेडगळ नव्हता. मर्यादा वर्षागणिक वाढत होती, पुढेही वाढेल आणि चार-पाच वर्षांत हे आकडे स्वस्त वाटू लागतील, अशी व्यवस्थापक काइल डुबस यांची अटकळ होती. मग कोविड आला. प्रेक्षकांविना खेळ झाला, उत्पन्न आटलं, आणि निम्म्या वाट्याच्या नियमाने खेळाडूंवर मालकांचं अब्जाहून अधिक डॉलरचं देणं चढलं. ते फिटेपर्यंत मर्यादा गोठली. 8 कोटी 15 लाखांवर तीन हंगाम, मग दोन वेळा जेमतेम दहा-दहा लाखांची वाढ.

त्या काळात लीफ्सनी काय काय गमावलं, याची यादी इथला कुठलाही टॅक्सीवाला सांगेल. 39 वर्षांच्या पॅट्रिक मार्लोचा 62 लाख 50 हजारांचा करार डोक्यावरून उतरवायला त्यांनी 2019 मध्ये कॅरोलायनाला पहिल्या फेरीचा ड्राफ्टचा हक्क, म्हणजे नवोदित खेळाडू निवडायचा आपला नंबर, दिला. म्हणजे आपला म्हातारा खेळाडू नेण्यासाठी दुसऱ्याला वर बक्षीस. त्या हक्कातून कॅरोलायनाने सेथ जार्विस उचलला आणि तो आज त्यांचा पहिल्या दर्जाचा फॉरवर्ड आहे. 2021 मध्ये टोरोंटोचाच झॅक हायमन एडमंटनला गेला, वर्षाला 55 लाखांवर. लीफ्सकडे तेवढी जागा उरली नव्हती. 2023-24 मध्ये त्याने 54 गोल केले. कॉनर मॅकडेविडच्या शेजारी खेळताना केले हे खरं, पण केले.

त्याच तंगीत चांगलंही घडलं. स्कारबरोचा मायकल बंटिंग 2021 मध्ये 9 लाख 50 हजारांवर आला. एनएचएलच्या मानाने ही किमान वेतनाच्या आसपासची रक्कम. पहिल्याच हंगामात 63 गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून), वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या शर्यतीत अंतिम तिघांत. माझ्या मते या व्यवस्थेत व्यवस्थापकाची खरी परीक्षा इथे आहे. मॅथ्यूजला पैसे द्यायला कौशल्य लागत नाही. तो चांगला आहे हे शेंबडं पोरही सांगेल. साडेनऊ लाखांत बंटिंग हुडकायला डोळा लागतो. दोन वर्षांनी बंटिंगची किंमत 45 लाख झाली आणि तोही गेला. स्वस्तातला माणूस चांगला निघाला की तो तुमच्या हातून जाणार, हे या व्यवस्थेत ठरलेलंच आहे. म्हणून ते हुडकणं दर उन्हाळ्यात नव्याने करावं लागतं.

मर्यादा इथे दिवसागणिक मोजतात. म्हणून सामना नसलेल्या दिवशी तरुण खेळाडूला कागदोपत्री खालच्या लीगमधल्या मार्लीज संघात पाठवायचं, दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं, असे प्रकार त्या वर्षांत सर्रास चालायचे. मार्लीज याच शहरात खेळतात, त्यामुळे पोराला घरही बदलावं लागत नसे. एका दिवसाच्या पगाराएवढी जागा वाचे. अशा चिल्लर बचतीतून मार्चमधल्या अदलाबदलीच्या मुदतीपर्यंत एखाद्या खेळाडूपुरती जागा जमवायची.

पळवाटा होत्याच, आणि त्याबाबत मित्राच्या 'शिस्ती'ला मी सरळ विरोध करतो. खेळाडू दीर्घकाळ जखमी असला तर त्याच्या पगाराइतकं मर्यादेच्या वर जाता यायचं. टँपा बेचा निकिता कुचेरोव 2020-21 चा पूर्ण साखळी हंगाम खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता. प्लेऑफमध्ये मर्यादा लागूच नव्हती. पहिल्या सामन्याला तो हजर झाला, प्लेऑफमध्ये सर्वाधिक 32 गुण मिळवले आणि टँपाने कप जिंकला. संघ मर्यादेच्या 1 कोटी 80 लाख डॉलर वर होता, आणि तसं छापलेला टी-शर्ट घालून तो जल्लोषात फिरला. सगळं नियमात बसणारं. लीफ्सनीही 2019 मध्ये डेव्हिड क्लार्कसनचा करार वेगासकडून घेतला, तो पुन्हा कधी खेळणार नाही हे माहीत असूनही. त्याच्या दुखापतीच्या कागदाला किंमत होती. हे मला तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं. आता नियम बदलला आहे: 2026 च्या प्लेऑफपासून प्रत्येक सामन्यात उतरणाऱ्या 20 जणांचा हिशेब मर्यादेत बसवावा लागतो. हा बदल मालक आणि खेळाडूंच्या संघटनेने समोरासमोर बसून केला, हे महत्त्वाचं.

फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडात राज्याचा आयकर नसल्याने तिथल्या संघांना तेवढ्याच डॉलरात खेळाडू मिळतात, अशी तक्रार इथे रोज ऐकू येते. तक्रारीत तथ्य आहे. ऑन्टारिओत वरच्या टप्प्यावर निम्म्याहून जास्त कर जातो. पण लीफ्सच्या पराभवांचं खापर मी त्यावर फोडणार नाही. त्या चौघांसह सात हंगामांत लीफ्सनी प्लेऑफच्या फक्त दोन मालिका जिंकल्या. 2025 मध्ये फ्लोरिडाविरुद्ध सातवा सामना घरच्या मैदानावर 6-1 ने गेला आणि मार्नर वेगासला निघून गेला. टवारेस मात्र राहिला: 1 कोटी 10 लाखांवरून वर्षाला सुमारे 44 लाखांवर येऊन, चार वर्षांसाठी.

पगार कमी घ्यायचा का, हा निर्णय इथे खेळाडूचा असतो. मिनेसोटाच्या किरिल काप्रिझोव्हने 2025 मध्ये वर्षाला 1 कोटी 70 लाखांचा करार केला. त्यानंतर काही दिवसांतच मॅकडेविडने, जगातला सर्वोत्तम मानला जाणारा खेळाडू असूनही, जुन्याच 1 कोटी 25 लाखांवर दोन वर्षांची सही केली, जेणेकरून एडमंटनला त्याच्याभोवती संघ उभारता यावा. मी दोघांनाही दोष देत नाही. काप्रिझोव्हने जास्त घेतले म्हणून मालकांच्या खिशातून जादा पैसा गेला नाही आणि मॅकडेविडने सोडले म्हणून मालकांची चैन झाली नाही. सोडलेला पैसा दुसऱ्या खेळाडूंकडे जातो, कारण निम्मा वाटा आधीच ठरलेला आहे.

आता आपल्याकडे येऊ. आयपीएल 2025 साठी प्रत्येक संघाची थैली 120 कोटींची होती. सामन्याचं मानधन आणि कामगिरीची बक्षिसं धरून वरची मर्यादा 146 कोटी. दहा संघांचे मिळून 1,460 कोटी. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे प्रसारण हक्क 48,390 कोटींना गेले, म्हणजे वर्षाला 9,678 कोटी. भागाकार करा: सगळ्या खेळाडूंचा सगळा पगार हा नुसत्या प्रसारण हक्कांच्या 15 टक्क्यांच्या आसपास येतो. तिकिटं, प्रायोजक, जर्सी यात धरलेलेच नाहीत. मुंबई इंडियन्सनी बुमरा, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक यांच्यावर 75 कोटी लावले आणि उरलेल्या संघासाठी 45 कोटी ठेवले, यावर आम्ही ग्रुपवर तावातावाने भांडलो. उरलेले 85 टक्के कुठे जातात, यावर एकही मेसेज आला नाही.

याला एक उत्तर मिळतं आणि ते मी हलक्याने घेत नाही. मंडळाकडे जाणाऱ्या पैशातून रणजी चालते, वयोगटांच्या स्पर्धा चालतात, महिला क्रिकेट उभं राहतं; एनएचएलवर असा कुठलाच भार नाही. बरोबर आहे. म्हणून निम्माच वाटा मागा असं मी म्हणणार नाही. तीस टक्के असेल, पंचवीस असेल. पण तो आकडा खेळाडूंनी समोर बसून ठरवलेला हवा, आणि आज समोर बसायला कुणी नाही. 2019 मध्ये झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन निवृत्त खेळाडूंची आहे. खेळणाऱ्यांची संघटना नाही.

त्याचा परिणाम डिसेंबर 2025 च्या छोट्या लिलावात दिसला. कोलकात्याने कॅमेरॉन ग्रीनसाठी 25 कोटी 20 लाख मोजले, पण नियमानुसार परदेशी खेळाडूच्या हाती त्यातले 18 कोटीच जाणार. वरचे मंडळाच्या खेळाडू कल्याणासाठी. कल्याणाला माझी हरकत नाही. फ्रँचायझी आणि मंडळ मिळून खेळाडूच्या किमतीचा असा तुकडा पाडतात आणि खेळाडूंच्या वतीने त्यावर कुणाची सही लागत नाही, याला आहे.

प्रसारणाचा सध्याचा करार 2027 च्या हंगामाबरोबर संपतो. त्याआधी नवी निविदा निघेल आणि आकडा पुन्हा डोळे विस्फारायला लावेल. ती निघण्यापूर्वी खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटना उभी राहायला हवी, आणि तिने मागायची पहिली गोष्ट म्हणजे दरवर्षी छापून येणारा हिशेब: लीगचं एकूण उत्पन्न किती, त्यातलं खेळाडूंना किती, स्थानिक क्रिकेटला किती, फ्रँचायझींना किती. टक्क्यांवर भांडण त्यानंतर होईल. डोंबिवलीच्या मित्रालाही माझी हीच विनंती आहे: पुढच्या लिलावाच्या रात्री पंतला किती मिळाले हे विचारण्याआधी हा हिशेब माग.